पाझराचा इतिहास : नीरा डावा कालवा आणि वडगाव निंबाळकर परिसरातील गोड्या पाण्याचा प्रश्न

प्रास्ताविक

दख्खनमधील सिंचनाचा इतिहास आजवर प्रामुख्याने धरणांच्या उंचीत, कालव्यांच्या लांबीत आणि भिजलेल्या क्षेत्राच्या आकड्यांत मांडला गेला आहे. धरणात साठलेले आणि चारीतून मोजून सोडलेले पाणी हा या इतिहासाचा नायक होय. परंतु कालव्यात सोडलेले सर्वच पाणी मोजून शेतात पोहोचत नाही. त्यातील काही भाग कालव्याच्या तळातून व भरावातून झिरपतो, काही भाग शेतात दिलेल्या जादा पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतो. या पाण्यास शेतकरी ‘पाझर’ म्हणतो आणि अभियंता ‘वहनव्यय’ म्हणतो. या दोन शब्दांत जे अंतर आहे, तेच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर हे गाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. अनेक वडगावांतून वेगळे ओळखले जावे म्हणून ‘निंबाळकर’ हे पद धारण करणारे हे गाव नीरा-बारामती मार्गावर, कोऱ्हाळे आणि पणदरे यांच्या शेजारात वसलेले आहे. उत्तरेस चढावर नीरा डावा कालवा आणि दक्षिणेस उतारावर नीरा नदी, अशी या पट्ट्याची रचना आहे. कालवा समोच्च रेषेने वाहतो; त्याखालची सर्व जमीन नदीकडे कलते. म्हणजे वरून झिरपलेल्या पाण्यास याच शिवारांखालून नदीकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. या पट्ट्यात पाण्याचा अभाव आणि पाण्याचा अतिरेक हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. एकाच पाण्याचे ते दोन टप्पे आहेत, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

दुष्काळासाठी काढलेला कालवा

नीरा कालव्याचा जन्म ज्या दशकात झाला ते दशक या प्रदेशाच्या स्मृतीत सर्वांत काळे दशक होय. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला, कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले, आणि ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ती घटना इतिहासात नोंदली गेली. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. या परिसरात पाणी आणण्याची कल्पना तत्पूर्वीची असली, तरी तिला खरी चालना या दुष्काळाने दिली. भोरकडील डोंगरात वेळवंडी नदीवर भाटघर येथे धरण, तेथून नदीपात्रातून पाणी खाली आणून वीर येथे बंधारा, आणि बंधाऱ्यापासून डाव्या तीराने सुमारे १०० मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरांचा कालवा अशी ही योजना होती. १८८५ मध्ये कालव्यात पाणी खेळू लागले. भाटघरच्या जलाशयास त्याचे अभियंते व्हायटिंग यांचे नाव देण्यात आले.

दुष्काळ आयोगाने १८८० च्या अहवालात सिंचनाच्या ज्या ‘संरक्षक’ कामांचा पुरस्कार केला, त्या वर्गात हा कालवा सहज बसतो. पाऊस चुकला तर बाजरी-ज्वारी वाचवावी, चारा जगवावा, जमीनमहसूल बुडू नये आणि दुष्काळी कामांवरील सरकारी खर्च टळावा, हा त्यामागील हिशेब होता. पण हा हिशेब शेतकऱ्याच्या हिशेबाशी जुळला नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी त्याला कालव्याचे पाणी विकत घेण्याचे कारणच नव्हते. नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी मुरलेल्या ओलीवर येते. तिला पाणी देणे म्हणजे पैसे देऊन धोका पत्करणे होते. उलट अवर्षणाच्या वर्षी सर्वांना एकदम पाणी हवे असे. एक वर्ष कालवा रिकामा धावतो आणि पुढच्या वर्षी पुरत नाही, अशा स्थितीत कालवा चालविण्याचा खर्चही निघेना. बारमाही, नियमित पाणी घेऊन भरपूर पट्टी भरणारे पीक कोणते, या प्रश्नाचे उत्तर एकच होते आणि ते म्हणजे ऊस.

उसाच्या लागवडीत सासवडच्या माळी समाजाचा वाटा मोठा आहे. बागायतीचे पिढीजात ज्ञान असलेली ही मंडळी नीरा कालव्यावर आली, खंडाने जमिनी घेऊन ऊस व गुळाचा व्यवसाय त्यांनी उभारला; पुढे त्यांतील काहीजण गोदावरी व प्रवरा कालव्यांकडे गेले आणि १९३० च्या दशकात माळशिरस तालुक्यात माळीनगरचा साखर कारखानाही याच परंपरेतून उभा राहिला. त्यांच्या उद्यमशीलतेचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. मात्र खंडाने घेतलेल्या जमिनीची प्रत टिकवण्यात खंडकऱ्याचा स्वार्थ किती असणार, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. जमीन चोपण झाली तर दुसरी घेता येत होती. मूळ मालकाला तशी सोय नव्हती.

विश्वेश्वरय्या आणि ब्लॉक

ऊस वाढला तसे पाणी कालव्याच्या वरच्या भागात थबकले आणि शेपटाकडील गावे कोरडी राहू लागली. १८९९ मध्ये पुण्यास कार्यकारी अभियंता म्हणून आलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी यावर ‘ब्लॉक’ पद्धती सुचविली. पाणी गावोगाव विखरून देण्याऐवजी निवडक, निचऱ्याच्या दृष्टीने योग्य अशा सलग गटांना द्यावे, गटाच्या एकतृतीयांश भागातच ऊस असावा, उरलेल्या भागात हंगामी पिके घ्यावीत आणि उसाची जागा दरवर्षी बदलावी, असे तिचे थोडक्यात स्वरूप होते. खानदेशात पांझरा काठी चालत आलेल्या फड पद्धतीशी तिचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या प्रारंभी त्याच भागात काम केले होते. सुरुवातीस बागायतदारांनी या योजनेस विरोध केला, कारण पाण्याचे स्वातंत्र्य जाते असे त्यांना वाटले. पुढे १९०१ ते १९०३ च्या भारतीय सिंचन आयोगासमोर ही पद्धती मांडली गेली आणि तिला मान्यता मिळाली.

ब्लॉक पद्धतीकडे सहसा पाणीवाटपाची न्याय्य योजना म्हणून पाहिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. उसाची जागा दरवर्षी हलती ठेवण्यात जमिनीला विश्रांती देण्याचा, खाली साठणाऱ्या पाण्यास उतरण्याची सवड देण्याचा हेतूही होता. म्हणजे कालवा सुरू होऊन पुरती दोन दशकेही झाली नव्हती, तोच जमिनीखाली काय घडत आहे याची जाणीव सिंचन खात्यास झालेली होती. बोल्डिंग, मोलिंगा आणि व्हान स्ट्राटेन या अभ्यासकांनी १९९५ मध्ये याच कालव्याच्या वसाहतकालीन इतिहासावर लिहिताना एक मुद्दा चांगला दाखविला आहे : पाणी मोजून देणारे यंत्र बसविण्याचे प्रयत्न येथे पुनःपुन्हा झाले, कारण मोजमाप हा केवळ तांत्रिक प्रश्न नव्हता, पाण्यावर सत्ता कोणाची हा प्रश्न त्यात गुंतलेला होता. पाझर तर मुळात मोजण्याच्या यंत्रातून जातच नाही.

२०० यार्डांचे कलम

पाझराकडे राज्यसंस्थेने प्रथम पाहिले ते महसुलाच्या नजरेने. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या सिंचन अधिनियमात या संदर्भात एक उल्लेखनीय कलम आहे. कालव्यापासून २०० यार्डांच्या आत असलेल्या लागवडीच्या जमिनीस पाझराने किंवा गळतीने थेट पाणी दिल्यासारखाच लाभ होत असेल, अथवा कालवा सुरू झाल्यानंतर त्या अंतरात खोदलेल्या विहिरीतून असे झिरपलेले पाणी घेतले जात असेल, तर त्यावर पाणीपट्टी आकारण्याची मुभा या कलमाने दिली. अधिनियम कालव्यात पाणी येण्यापूर्वी सहा वर्षे झाला आहे. पाणी गळणार, त्याने विहिरी भरणार आणि त्या पाण्यावर पीक येणार हे सर्व कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. पाझर ही जमीनधारकास मिळणारी देणगी आणि म्हणून करपात्र वस्तू, अशी ती कल्पना होती. पाझराने अपायही होऊ शकतो, ही दुसरी बाजू मात्र आकारणीच्या या तर्कात बसत नव्हती.

मीठ फुटलेली जमीन

तो अपाय लवकरच दृष्टीस पडला. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर लिहिलेली पुस्तिका मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने १९१० मध्ये प्रसिद्ध केली. कालवा सुरू होऊन त्या वेळी २५ वर्षे झाली होती. मान यांचे नाव पुढे दख्खनी खेड्यांच्या आर्थिक पाहणीमुळे समाजशास्त्राच्या अभ्यासकांत अधिक परिचित झाले. पण त्यांचे हे रसायनशास्त्रीय काम बारामती-इंदापूरच्या दृष्टीने कमी मोलाचे नाही. किंबहुना अधिकच आहे.

या घटनेमागील कारणमीमांसा येथे थोडी विस्ताराने देणे आवश्यक वाटते. दख्खनचा काळा पाषाण झिजून जी माती होते, तिच्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. पाऊस कमी असलेल्या प्रदेशात ते धुऊन जात नाहीत; खालच्या थरांत पडून राहतात. बारामतीचा वार्षिक पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पावसात भूजल खोल राहते आणि क्षार जागच्या जागी राहतात. कालवा आला की भूजल वर चढते. ते जमिनीच्या पृष्ठभागापासून एक-दीड मीटरवर आले की केशाकर्षणाने मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी वर खेचले जाते, उन्हाने उडून जाते आणि विरघळलेले क्षार वरच राहतात. माघ-फाल्गुनात अशा शेतावर पांढरा थर दिसतो. त्यास ‘मीठ फुटले’ असे म्हणतात. ही खारवट जमीन. पुढे मातीच्या कणांवर सोडियमचा ताबा बसला की कण सुटे होतात, पोकळ्या बुजतात, पावसाचे पाणीही मुरत नाही. ओली असता चिकट आणि वाळली असता दगडासारखी अशी ती चोपण जमीन होते. कृषिशास्त्रात विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा अधिक आणि सामू ८.५ च्या वर गेला की जमीन चोपण समजतात. खारवट जमीन निचरा करून व पाणी देऊन धुता येते. चोपण जमिनीस आधी जिप्सम द्यावे लागते, मग धुणे.

येथे एक साधा हिशेब करून पाहता येतो. आडसाली उसास पाटाच्या पद्धतीने हेक्टरी ३४० ते ३५० हेक्टर-सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३४,००० घनमीटर पाणी लागते, असे शेतीखाते सांगत आले आहे. सह्याद्रीतून येणारे पाणी गोडे असते हे खरे. तरीही त्यात लिटरमागे केवळ १०० मिलिग्रॅम क्षार आहेत असे धरले, तर एका पिकाबरोबर एका हेक्टरात ३,४०० किलो क्षार येऊन पडतात. पाणी पीक घेते किंवा हवेत जाते. क्षारांचा फारच थोडा अंश पिकात जातो. बाकीचे जमिनीतच राहतात. ते नदीकडे वाहून नेणारी निचऱ्याची वाट नसेल, तर गोडे पाणी हेच कालांतराने खाऱ्या जमिनीचे साधन ठरते.

पाणी आणण्यावर जेवढा खर्च झाला, त्याच्या तुलनेत निचऱ्यावर नगण्य झाला. तथापि प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या रीती शेतीच्या गरजांनुसार सुधारण्यासाठी एक छोटा विशेष विभाग स्थापन केला. क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ जमीन, चर आणि पाण्याचे मोजमाप यांचा दीर्घकाळ अभ्यास केला तो याच परंपरेत. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आपली स्थापना या १९१६ च्या विभागापासून मोजते. देशातील एका अग्रगण्य जलसंशोधन संस्थेचे मूळ अशा रीतीने दख्खनच्या कालव्यांखालील शेतांत आहे, ही गोष्ट आपल्या भागातील विद्यार्थ्यांस सहसा सांगितली जात नाही. १९३२ मध्ये नीरेपलीकडे पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे जे. के. बसू व त्यांच्या सहकाऱ्यांनी कालव्याखालील मातीचे प्रकार ठरवून, कोणत्या मातीस किती पाणी सोसते याचा शास्त्रशुद्ध विचार केला.

हे ज्ञान उपलब्ध असतानाही व्यवहार मात्र दुसऱ्या दिशेने गेला. १९२८ मध्ये भाटघरला लॉइड धरण पूर्ण होऊन जुन्या धरणाची जागा त्याने घेतली आणि साठा कित्येक पटींनी वाढला. १९३२ मध्ये साखर उद्योगास संरक्षण देणारा कायदा झाला. कळंब येथील वालचंदनगर, फलटणजवळील साखरवाडी ही कारखान्यांची गावे त्याच सुमारास उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात माळेगाव व भवानीनगर आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी सोमेश्वर येथे सहकारी कारखाने आले. डोनाल्ड अॅटवुड यांनी ‘रेझिंग केन’ (१९९२) या ग्रंथात या परिसरातील ऊस उत्पादकांच्या सहकाराचे जे यश वर्णिले आहे, ते निर्विवाद आहे. लहान शेतकऱ्याच्या घरात पैसा, शाळा, पक्के घर आले ते उसामुळे. पण कारखान्यास दरवर्षी ठराविक टन ऊस लागतो. गटाच्या एकतृतीयांशात ऊस आणि तोही जागा बदलून, हे पथ्य कारखान्याच्या गाळपक्षमतेपुढे टिकणे शक्यच नव्हते.

याचे एक बोलके उदाहरण उसाच्या वाणांचे आहे. पाडेगाव केंद्राच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रात आलेला को ८६०३२ हा वाण ‘नीरा’ या नावाने ओळखला जातो; २००७ मध्ये आलेला ‘फुले २६५’ हा वाण क्षारपड जमिनीतही तग धरतो म्हणून शेतकऱ्यांनी उचलला. शास्त्रज्ञांचे हे यश आहेच. परंतु पाण्याची रीत बदलण्याऐवजी बिघडलेल्या जमिनीस सोसेल असे बियाणे शोधावे लागले, हेही त्यातून नोंदले जाते.

विहिरीतील पाणी

जमीन खारवट झाली की तिच्याखालील पाणीही खारवट होते. शेतीच्या इतिहासात या वस्तुस्थितीस फारसे स्थान मिळत नाही, कारण विहीर ही तेथे मोटेची किंवा पंपाची जागा असते. पण त्याच विहिरीवर घागर घेऊन येणारी बाईही असते. पाझराने कालव्याखालच्या विहिरी काठोकाठ भरल्या; त्याच पाझराने त्या पाण्याची चव बदलली. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. पाणी भरपूर असूनही गोडे पाणी दुर्मिळ, अशी ही टंचाई आहे. तिला टँकर लागत नाही, म्हणून सरकारी टंचाई आराखड्यात ती दिसत नाही.

याच बारामती तालुक्याच्या उत्तरेकडील जिरायत भाग, म्हणजे सुपे-मोरगावचा परिसर, याच्या अगदी उलट अवस्थेत आहे. १९७२ च्या दुष्काळात या भागाने खडी फोडली. पाझर तलाव खोदले. तेथे पाझर हा शब्द आशेचा आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये तेथे टँकर फिरले. एकाच तालुक्यात पाझराचे हे दोन अर्थ दक्षिणोत्तर पसरलेले असावेत, हा योगायोग नव्हे. पाण्याची वाट ज्या बाजूने काढली गेली त्याचा तो परिणाम आहे.

भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या निकषांनुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घटकांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसल्यास २,००० मिलिग्रॅम आहे. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत सवलत नाही. नायट्रेटचा उल्लेख मुद्दाम केला आहे. उसास दिलेल्या युरियाचा जो भाग पीक घेत नाही, तो याच पाझराबरोबर खाली उतरतो. नायट्रेटला चव नाही, रंग नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तान्ह्या मुलांस त्याचा विशेष धोका असतो. आज बागायती पट्ट्यातील अनेक गावांत नाणे टाकून शुद्ध पाणी देणारी यंत्रे दिसतात आणि लग्नकार्यात थंड पाण्याचे जार येतात. ही यंत्रे क्षार नाहीसे करीत नाहीत, एका पाण्यातून काढून दुसऱ्यात घालतात. ते टाकाऊ खारे पाणी गटारातून पुन्हा त्याच जमिनीत उतरते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. या प्रमाणाने एक हेक्टर आडसाली उसाचे ३४,००० घनमीटर पाणी पिकाच्या सतरा-अठरा महिन्यांच्या काळात सुमारे १,२०० माणसांस पुरेल. ऊस बंद करावा असा याचा अर्थ नाही. गोड्या पाण्याचा तुटवडा हा येथे प्रमाणाचा नसून अग्रक्रमाचा आहे, एवढेच या आकड्यावरून दिसते.

नदीची बाजू

कालव्याच्या बाजूने पाहिले तर पाणी वरून येते. नदीच्या बाजूने पाहिले तर ते परतच येत नाही. भाटघर (सुमारे २३.५ अब्ज घनफूट), नीरा देवघर (११.७), वीर (९.४) आणि गुंजवणी (३.७) या चार धरणांचे पाणी वीरपाशी डाव्या व उजव्या कालव्यांत वळते. पावसाळी पूर ओसरला की वीरखालच्या नीरेस स्वतःचा असा प्रवाह जवळपास उरत नाही. पात्रात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडविलेले डोह आणि त्यांत शेतांतून, ओढ्यांतून उतरणारे पाणी एवढेच राहते.

साखर कारखाने, आसवन्या, कागद व रसायनांचे उद्योग, गावांचे सांडपाणी यांचा भार पडतो तो अशा नदीवर. आसवनीत एक लिटर मद्यार्क तयार होताना आठ ते पंधरा लिटर दाट तांबूस सांडपाणी निघते, आणि प्रक्रियेपूर्वी त्याची जैविक प्राणवायूची मागणी लिटरमागे ४०-५० हजार मिलिग्रॅम इतकी असू शकते. नदीत सोडण्याची मर्यादा सर्वसाधारणतः ३० आहे. वाहत्या नदीत थोडी चूक विरून जाते. डोहात ती साचते, मासे मरतात आणि काठच्या विहिरींत उतरते. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापिले, ही अभिमानाची बाब होय. परंतु त्या कायद्याची नजर नळकांड्याच्या तोंडाशी असते. नदीत पाणीच किती ठेवावे, हा प्रश्न त्याच्या कक्षेत नीट येत नाही. तो पाटबंधारे खात्याचा आणि लवादांचा विषय मानला गेला आहे.

पाण्याची वाटणी मात्र फार हिरिरीने लढविली गेली. डावा कालवा बारामती-इंदापूरचा, उजवा फलटण-माळशिरसचा. जून २०१९ मध्ये नीरा देवघरच्या पाण्याच्या वाटपाचा एक निर्णय झाला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सरकार बदलल्यावर तो फिरला. दोन्ही वेळी वर्तमानपत्रे भरून आली. या साऱ्या वादात नीरा नदीचा वाटा किती, असे कोणी विचारल्याचे आढळत नाही. बारामतीवरून वाहत आलेली कऱ्हा सोनगावजवळ नीरेस मिळते आणि नीरा पुढे नीरा नरसिंहपूरला भीमेस मिळते. तेथे स्नानास येणारा यात्रेकरू या सर्वांचा मिळून परिपाक ओंजळीत घेतो.

अस्तरीकरणाचा वाद

अलीकडील घटनांनी पाझराचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. जुना, मातीचा कालवा गळतो म्हणून डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाचे काम २०२० नंतरच्या वर्षांत पुढे आले, तेव्हा बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांनी त्यास विरोध केला. काँक्रीट झाले तर विहिरी आटतील, विहिरींवरील बागा आणि पाणीयोजना बंद पडतील, असे त्यांचे म्हणणे. खात्याचे म्हणणे असे की वाचलेले पाणी शेपटाकडील गावांस मिळेल. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास यात एक विलक्षण वळण दिसते. १८७९ मध्ये ज्या पाझरावर सरकार पट्टी आकारू पाहत होते आणि १९१० मध्ये ज्याने जमिनी बुडविल्या म्हणून चर खोदण्याची भाषा सुरू झाली, तोच पाझर आज शेतकरी हक्क म्हणून मागतो आहे. मधल्या काळात विजेचा पंप आला. पंपाने भूजल खाली ओढले. कालव्यालगतच्या अनेक शेतांतील पाणथळपणा त्यामुळेच आटोक्यात राहिला. चर जे करू शकले नाहीत ते विहिरींनी केले, असे म्हणता येईल. पण विहिरीतून उपसलेले पाणी पुन्हा त्याच शेतात पडते आणि प्रत्येक फेरीत क्षारांची भर टाकते. शेतातून बाहेर, नदीपर्यंत क्षार नेण्याची वाट अजूनही जागोजागी बंदच आहे. ठिबक सिंचन उसासाठी टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय राज्याने २०१७ मध्ये घेतला. त्याने पाणी निश्चित वाचते, पण निचरा नसलेल्या जमिनीत ठिबकने ओल्या भागाच्या कडेला क्षार साचतात, याकडेही लक्ष द्यावे लागते.

२५ मे २०२५ रोजी बारामती परिसरात अवकाळी पावसाने थैमान घातले आणि पिंपळी-लिमटेक भागात डावा कालवा फुटला. पाणी घरांत व शेतांत शिरले. उतारावरील ओढ्यांचे मार्ग बुजले, त्यांवर बांधकामे व पिके आली, की चढावरून आलेल्या पाण्यास वाट उरत नाही. पाझरास जे लागू, तेच पुरासही लागू.

या पार्श्वभूमीवर अस्तरीकरण करावे की न करावे, हा प्रश्न सबंध १६० किलोमीटरांसाठी एकाच उत्तराने सोडविणे प्रस्तुत लेखकास उचित वाटत नाही. जेथे कालव्याखाली मुरूम आहे, भूजल खोल आहे आणि पाझरावर गावाची पिण्याची विहीर अवलंबून आहे, तेथे पाझर राखणे सयुक्तिक होईल. जेथे खोल काळी जमीन आहे आणि भूजल दीड मीटरच्या आत येते, तेथे अस्तर आणि त्याचबरोबर ओढ्यापर्यंत भूमिगत सच्छिद्र नळ्यांचा निचरा, ही दोन्ही कामे एकत्र हवीत. त्यांतील पहिले करून दुसरे टाळणे ही जुनीच रीत ठरेल. यासाठी गावनिहाय नकाशा लागेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, पण त्या विहिरी विरळ आहेत. कालवा ते नदी हे अंतर वडगाव निंबाळकरसारख्या गावात पायी चालून जाण्याजोगे आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र व भूगोल विभागांनी अशा एका रेषेवरील दहा-बारा विहिरींचे पाणी वैशाखात आणि दिवाळीनंतर, कालव्याच्या आवर्तनापूर्वी व नंतर, तपासले, त्यांची पातळी मोजली आणि इतिहास विभागाने त्याच विहिरी कधी खोदल्या, कधी खाऱ्या झाल्या, पिण्यासाठी कधी सोडून दिल्या हे गावातील वृद्ध स्त्रियांकडून लिहून घेतले, तर १९१० च्या पुस्तिकेस जोडता येईल असे पुढचे प्रकरण तयार होईल. या कामास लागणारी विद्युतवाहकता मोजण्याची उपकरणे बहुतेक प्रयोगशाळांत आहेतच.